हिरव्या पिल्लाचं कूळ

सायकलच्या कॅरिअरला बांधलेली बांबूची पाटी, वर जाळी आणि आत गुलाबी, हिरवी, जांभळी, केशरी पिल्लं. पुण्याच्या पेठांतून, उपनगरांतल्या शाळांसमोर, जत्रेच्या दिवसांत देवळांबाहेर हा माणूस अजून दिसतो. थोडक्या पैशांत पिल्लू मुलाच्या ओंजळीत येतं, वर पुडीभर कणी फुकट. "कुठल्या जातीचं हो?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "गावठी आहे ताई. मोठी झाली की अंडी देईल." एवढ्याशा उत्तरात दोन दावे आहेत आणि बहुतेक वेळा दोन्ही खोटे ठरतात. पिल्लू गावठी नसतं, आणि मोठी होणारी ती नसते, तो असतो.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. कोंबडीच्या बाबतीत हा सल्ला पुणेकर अजिबात मानत नाहीत. बंगल्याच्या मागच्या आवारात, गच्चीवर, वाड्याच्या जिन्याखाली एखादं पिल्लू वाढायला लागलं की घरचे, शेजारचे, गावाहून आलेले काका, सगळे त्याची जात सांगू लागतात. पाय लांब दिसले की असील, काळं दिसलं की कडकनाथ, अंगानं भरलं की गिरिराज. निदान दर आठवड्याला बदलतं, कारण पिल्लूही दर आठवड्याला बदलतं. आणि गंमत म्हणजे यातलं कुणीच अगदी अडाणीपणानं बोलत नसतं. प्रत्येकानं पिल्लाचं काहीतरी एक खरंच पाहिलेलं असतं.

आधी रंग बाजूला काढू. पिल्लाच्या अंगावर असते ती लव. ती झडते आणि तिच्या जागी पिसं येतात, त्यामुळे रंग धुवावा लागत नाही. आधी पंख, मग शेपूट, मग खांदे आणि पाठ अशी पिसं फुटत जातात, सगळ्यात शेवटी डोकं आणि मान. माझ्या भाचीनं आणलेलं हिरवं पिल्लू तिसऱ्या आठवड्यात खाली पांढरं आणि वर हिरवं असं झालं होतं, अर्धा बगळा आणि अर्धा पोपट. पुढच्या पंधरवड्यात पोपट गेला. उरलं ते पांढरंशुभ्र, पिवळ्या पायांचं, एकेरी तुऱ्याचं आणि भलतंच घाबरट पाखरू. एवढ्या खुणा त्याच्या कुळासाठी पुरेशा होत्या.

ते व्हाइट लेगहॉर्न रक्ताचं होतं. भारतात दुकानात मिळणारं पांढरं अंडं घालते ती मुख्यतः याच वंशाची कोंबडी, आणि तिच्या आधुनिक इतिहासातला मोठा भाग पुण्यात घडला आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली हैदराबादेत सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचं मुख्यालय पुढे पुण्यात आलं. १९८२ साली राव यांच्याच पुढाकारानं अंडी उत्पादकांची नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी, म्हणजे 'नेक', उभी राहिली. आठवड्यातल्या कुठल्याही वारी अंडं खायला सांगणारी जाहिरात तिचीच. व्यंकटेश्वराची 'बीव्ही ३००' ही पांढऱ्या अंड्याची कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. घरामागची गावठी कोंबडी पन्नास-साठ देऊन खुडूक बसते. हा फरक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मोजून, निवडून, वंशावळ लिहून ठेवण्याचं फळ आहे.

पण या कोंबडीला भाऊही असतात. उबवलेल्या अंड्यांतून निम्मे नर निघणार हा निसर्गाचा हिशेब कुठल्याही हॅचरीला चुकलेला नाही. हा भाऊ अंडी घालणार नाही, आणि ब्रॉयलरसारखा अंगही धरणार नाही. त्याला खाऊ घातलेल्या खाद्याचे पैसे कधीच वसूल होत नाहीत. म्हणून अंड्यांच्या धंद्यात पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करतात. त्याची एक रीत जपानी तज्ज्ञांनी १९२०च्या दशकात बसवली: पिल्लाचं गुदद्वार हलकेच उलगडून आतला बारीकसा उंचवटा पाहायचा. दुसरी रीत पंखाची. काही वंशांत मादीची पंखाची पिसं पहिल्या दिवशीच लांब असतात आणि नराची आखूड, कारण त्यांच्या आई-बापांची निवडच तशी केलेली असते. वेगळ्या काढलेल्या नरांचं पुढे काय करायचं हा जगभरातल्या अंडी उद्योगाचा अवघड प्रश्न आहे. जर्मनीनं २०२२पासून ही पिल्लं मारण्यावर बंदी घातली. आपल्याकडे त्यांतली काही रंगात बुडून सायकलवर येतात.

म्हणजे पुण्याच्या गल्लीत मिळणाऱ्या गूढ पिल्लाचं उत्तर बहुतेकदा ते विकत घेण्याआधीच ठरलेलं असतं. अपवाद आहेत. कधी पाटीत ब्रॉयलरही असतो. पहिल्या दिवशी दोघंही पिवळी, दोघंही चाळीसेक ग्रॅमची, दोघांचा आवाज सारखा. दहा दिवसांनी मात्र गल्लत होत नाही. ब्रॉयलरचे पाय जाड, छाती रुंद, आणि त्याचा मुक्काम खाद्याच्या भांड्याशी. लेगहॉर्नचे पंख एव्हाना शेपटीपर्यंत पोचलेले असतात आणि ते खोक्याच्या काठावर चढून बसतं. तिसऱ्या आठवड्यात ब्रॉयलर पाऊण-एक किलोच्या घरात जातो, लेगहॉर्न पाव किलोच्या आतच असतं. सहा आठवड्यांत दोन किलो होणाऱ्या पक्ष्याला पाळीव म्हणून ठेवणं फार क्लेशाचं काम आहे. त्याचं हृदय आणि पाय त्या वजनासाठी दीर्घकाळ टिकतील असे घडवलेलेच नाहीत. मुलांना हे आधी सांगितलेलं बरं.

खरी मौज सुरू होते ती रंगीत पिसांच्या पिल्लांपासून. रंगवलेली नव्हेत, जन्मतः रंगीत. मावळातून कुणी खोक्यात घालून आणलेली, खडकीहून घेतलेली, किंवा मार्केटमधून 'गावठी' म्हणून मिळालेली. खडकीला पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. परसातल्या कुक्कुटपालनाच्या सरकारी योजनांत एक दिवसाची पिल्लं किंवा वाढलेल्या तलंगा दिल्या जातात, त्या अशा केंद्रांतून. तिथे गिरिराज, वनराज, ऱ्होड आयलंड रेड, ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प ही नावं रोजची आहेत. गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं तयार केला, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन प्रकल्पानं. दोन्ही मुद्दाम रंगीबेरंगी ठेवले. खेड्यातल्या गिऱ्हाइकाला पांढरा पक्षी 'इंग्लिश' वाटतो आणि तांबडा-कबरा आपला वाटतो, हे शास्त्रज्ञांनी बरोबर ओळखलं होतं. शिवाय मोकळ्यावर फिरणारं पांढरं पाखरू घारीला लांबून दिसतं.

परिणाम असा की हे संकरित पक्षी आता बाजारात बिनदिक्कत गावठी म्हणून खपतात. ओळखायचे कसे? रंगावरून नाहीच. पायाची नळी पाहावी, वाढ पाहावी. दोन महिन्यांचं गिरिराज किंवा वनराज गावठीच्या दुपटीच्या आसपास भरतं, नळी जाड आणि चाल संथ. गावठी तेवढ्या वयात किरकोळ, चपळ, आणि संध्याकाळ झाली की झाडावर. आणखी एक खूण आहे, पण ती कळायला एक पिढी थांबावं लागतं. गिरिराजाची अंडी घरी कोंबडीखाली बसवली तर पिल्लं आई-बापासारखी निघत नाहीत. कुणी भारी, कुणी हलकं, कुणी वेगळ्याच रंगाचं. संकराचा गुण एका पिढीपुरता असतो. दरवेळी नवी पिल्लं केंद्रातूनच आणावी लागतात, ती यामुळे.

कडकनाथाची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे पैसा गुंतलेला आहे. झाबुआ-धारकडचा हा काळा पक्षी. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि महाराष्ट्रात त्याची लाट आली. पाठोपाठ २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात कडकनाथ पालनाच्या नावाखाली शेतकऱ्यांच्या फसवणुकीचं मोठं प्रकरण उघडकीला आलं. त्या लाटेत पुण्याच्या कितीतरी गच्च्यांवर काळी पिल्लं चढली, आणि त्यांतली सगळीच काही झाबुआची नव्हती. ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्पचं पिल्लूही काळंच असतं. पण त्याचं पोट पांढरट-पिवळट असतं, आणि पाय वरून काळपट असले तरी तळवे फिके, गुलाबीसर. कडकनाथाचे तळवेही काळपट, जीभ काळसर, चोच उघडली तर आतही तोच रंग. पिसं बाजूला फुंकरली तर कातडी निळी-काळी. हा रंग पिसांचा नाहीच, पार हाडांच्या आवरणापर्यंत पोचलेला आहे. २०व्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एक तुकडा दुप्पट झाल्यामुळे रंगपेशी जिथे जाऊ नयेत तिथे जाऊन बसतात, आणि नेमका हाच बदल चीनच्या रेशमी पिसांच्या सिल्की कोंबडीतही आहे. मात्र सिल्कीच्या पायाला पाच बोटं, कडकनाथाला चार. विकणाऱ्याच्या शपथेपेक्षा बोटं मोजणं सोपं.

इथवर आलं की लक्षात येतं, आपण पिल्लाची जात ओळखत नसून त्याच्या अंगावरचा एकेक गुण वाचत असतो. तुरा वेगळा, पाय वेगळे, कातडी वेगळी, कानाची पाळी वेगळी. प्रत्येक गुण आपापल्या वाटेनं आलेला असतो आणि त्यांची आपसांत सांगड असेलच असं नाही. तुऱ्याचा अभ्यास तर आनुवंशशास्त्राच्या अगदी बाल्यावस्थेतला आहे. वाटाण्यावरचे मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे विल्यम बेटसन यांनी १९०२ साली दाखवलं ते कोंबड्यांवर, तुऱ्यांच्या आधारे. पुढे त्यांनी आणि रेजिनाल्ड पनेट यांनी उलगडलं की गुलाबी तुरा आणि वाटाणी तुरा यांचा संकर केला की तिसराच, अक्रोडासारखा सुरकुतलेला तुरा निघतो. काका जेव्हा बसका, तीन ओळींचा वाटाणी तुरा पाहून "असील आहे" म्हणतात तेव्हा ते निम्मे बरोबर असतात. असीलाला तो तुरा असतोच. पण कधीकाळी झुंजीचा एखादा कोंबडा त्या गल्लीतून गेला असेल तर चार पिढ्यांनंतरच्या सामान्य गावठी पिल्लालाही तो असू शकतो. असील म्हणायचं तर उभी ताठ ठेवण, लांब मान, रुंद खांदे, आखूड घट्ट पिसं हे सगळं सोबत हवं. पुष्कळदा फक्त तुराच आलेला असतो आणि मालकाची छाती मात्र चार बोटं फुगते.

पायांची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण ती आपल्या डोंगरात येऊन थांबते. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. त्याचे पाय पिवळे नसतात. मग लेगहॉर्नचे, ऱ्होड आयलंड रेडचे, ब्रॉयलरचे पिवळे पाय आले कुठून? स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं की पिवळ्या कातडीचं जनुक तांबड्याकडून आलेलं नाही, ते राखाडी रानकोंबड्याकडून आलेलं आहे. राखाडी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीतला रानकोंबडा: मानेवर मेणाच्या थेंबांसारखे चमकते ठिपके असलेला, ताम्हिणीत आणि भीमाशंकरात पहाटे ओरडणारा. तो जगात फक्त भारतात आहे, मुख्यतः दख्खनेत आणि दक्षिणेत. कधीतरी, कुठेतरी तो एखाद्या पाळीव कोंबडीशी जुगला आणि त्याचा पिवळा रंग सगळ्या जगभर गेला. लेगहॉर्न इटलीतून अमेरिकेत, अमेरिकेतून भारतात आली, तो फेरा पुरा करून ते जनुक पुन्हा मुळशीच्या पायथ्याशी पोल्ट्रीत येऊन उभं आहे. परसातल्या गावठीचे पाय मात्र पुष्कळदा पांढरट, पाटीच्या दगडाच्या रंगाचे किंवा हिरवट असतात. हिरवट म्हणजे पिवळ्या कातडीखाली काळा रंग. आणि पाठीवर खारीसारखे तपकिरी पट्टे घेऊन जन्मलेलं पिल्लू दिसलं तर ते तांबड्या रानकोंबड्याचं जुनं पांघरूण आहे. पाचोळ्यात दडायला ते उत्तम, आणि गावठी पिल्लांत ते अजूनही सर्रास दिसतं.

मग गावठी ही जात आहे की नाही? सरकारी उत्तर कर्नालला आहे. तिथल्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे देशी जातींची नोंद होते, आणि ती एका पक्ष्याची होत नाही. एका ठरावीक मुलखात, ठरावीक गुणांचे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या सारखे जन्मतात का, किती गावांत आहेत, लोक त्यांना काय म्हणतात, अंडं केवढं, वजन किती, हे सगळं मोजावं लागतं. जात ही कळपाची असते. आवारातल्या एकट्या पिल्लाला ती विचारणं म्हणजे एका माणसाकडे पाहून त्याच्या गावची लोकसंख्या सांगण्याचा प्रयत्न.

या नोंदवहीत महाराष्ट्राशी जोडलेलं एक नाव आहे, बुसरा. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचा परिसर आणि लगतचा गुजरात हा तिचा मुलूख. लहान ते मध्यम चणीची, पांढऱ्या अंगावर मान-पाठ-शेपटीला काळी आणि खांद्या-पंखांवर तांबूस पिसं असलेली, आदिवासी घरांत वाढणारी कोंबडी. पुण्यात बुसरा ओळखणारा माणूस मला भेटला नाही, कडकनाथावर व्याख्यान देणारे पुष्कळ भेटले. आणि नवापूर हे नाव बाहेरच्या महाराष्ट्राला माहीत आहे ते वेगळ्याच कारणानं. फेब्रुवारी २००६मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू तिथल्या पोल्ट्री फार्मवर सापडला. साथ रोखण्यासाठी परिसरातले पक्षी लाखोंनी मारावे लागले, आणि त्या मोहिमेत शेडमधल्या लेगहॉर्नबरोबर घरामागच्या कोंबड्याही गेल्या. शेडमधल्या पुन्हा हॅचरीतून आणता आल्या. एखाद्या पाड्यावरचा देशी कळप संपला तर त्याची मागणी कुठे नोंदवणार? २०१९च्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी ३१ कोटींच्या पुढे गेले, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्क्यांनी जास्त, आणि सगळ्यांना आनंद झाला. त्या आकड्यात देशी किती आणि हॅचरीतून आलेले रंगीत संकर किती, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खुराड्यात एक गिरिराज नर सोडला की पुढच्या पावसाळ्यातली सगळी पिल्लं त्याची असतात.

शहरातल्या पाळणाऱ्याला मात्र सहाव्या-सातव्या आठवड्यात हे सगळं मागे पडून एकच प्रश्न उरतो: कोंबडा की कोंबडी? लेगहॉर्नात उत्तर लवकर मिळतं. नराचा तुरा महिन्याभरात लाल होऊन वाढू लागतो. इतरांत थांबावं लागतं. तीन महिन्यांच्या सुमारास मानेची आणि कंबरेची पिसं पाहावीत. टोकदार, लांब, चकाकती म्हणजे नर; गोल टोकांची म्हणजे तलंग. काही संकरांत पहिल्या दिवशीच रंगावरून कळतं. तपकिरी अंड्याच्या कोंबड्यांत मादी पिल्लं तांबूस आणि नर फिके निघतील असे आई-बाप निवडतात. हा उपाय पहिल्या महायुद्धात त्याच पनेट साहेबांनी सुचवला होता, निरुपयोगी नरांवर धान्य वाया जाऊ नये म्हणून. या सगळ्याआधी पिल्लू जगलं पाहिजे, ही अट आहेच. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब, आणि मानमोडीची, म्हणजे रानीखेतची, लस. ही लस औंधच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत बनते. रंगीत पिल्लांतली बरीच पिसं फुटण्याआधीच मरतात, ती थंडीनं आणि रोगानं. जातीचा वाद त्यांच्या वाट्याला येतच नाही.

जी जगतात ती आरवतात. २०१९ साली सोमवार पेठेतल्या एका कोंबड्याविरुद्ध झोपमोडीची तक्रार समर्थ पोलीस ठाण्यात पोचली होती आणि तिची बातमी देशभर छापून आली. पुण्याबाहेरच्यांना ती फार विनोदी वाटली, सोसायटीच्या समितीवर काम केलेल्यांना वाटली नसावी. कोंबड्याला अंधारात ठेवा, डालग्याखाली झाका, हे उपाय सगळे सुचवतात. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याला माहीत आहेच. २०१३ साली जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याची दुसरी बाजू तपासली. सतत मंद उजेडात ठेवलेले, दिवस-रात्र न कळणारे कोंबडेही आपल्या शरीरातल्या घड्याळावर पहाटेच्या सुमारास आरवत राहिले. म्हणजे तांबडं झाकलं तरी कोंबडं थांबत नाही.

म्हणून बहुतेक हिरवी पिल्लं चौथ्या-पाचव्या महिन्यात पुणं सोडतात. माझ्या भाचीचा कोंबडाही मुळशी तालुक्यात एका ओळखीच्या शेतावर गेला. तिथे तांबड्या आणि कबऱ्या गावठी कोंबड्या होत्या, आणि तो त्यांच्यात लगेच रमला असं कळलं. लेगहॉर्नचं पांढरेपण प्रबळ असतं. गावठीशी संकर झाला की ते काळा रंग जवळजवळ पुसून टाकतं, तांबडा पुरता नाही. त्या पावसाळ्यात शेतावर जी पिल्लं निघाली ती वाढल्यावर पांढरी दिसू लागली, पण कुणाच्या पाठीवर चार काळे ठिपके, कुणाच्या छातीवर विटकरी झाक, पाय काहींचे पांढरट आणि काहींचे पिवळे. शेतमालकानं फोटो पाठवला आणि खाली विचारलं होतं, ही कुठली जात म्हणायची?